कंपनीचं दप्तर आणि रिठदच्या झुली

ती घटना आठवायला मला आजही जुनी केस डायरी उघडावी लागत नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर चोरीला गेलेली आख्खी विहिरीची मोटर कडब्याच्या गंजीतून उकरून काढली. पण घरी गोष्ट सांगायची वेळ आली की मुलं आणि सुना हीच मागतात. कारण हिच्यात रक्त नाही, मारझोड नाही, आणि माझी फजिती भरपूर आहे. नाव मात्र कोणाचंच देत नाही. वाशिममध्ये एक नाव घेतलं की उरलेली चार नावं लोक स्वतःच लावतात.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मी तिथे फौजदार होतो. गावाबाहेर एक जिनिंग-प्रेसिंगची कंपनी होती. कापसाची सरकी काढायची, गाठी बांधायच्या, तेल गाळायचं आणि उरलेली ढेप शेतकऱ्यांना गुरांसाठी विकायची, असा तिचा पसारा. मालक जैन शेठजी, शांत माणूस. संचालक मंडळात त्यांचेच भाऊबंद आणि दोन-तीन व्यापारी.

या कंपनीचे जुने कागद म्हणजे एक संकटच होतं. शेठजींच्या वडिलांच्या काळापासूनचं दप्तर पोत्यांत, खोक्यांत, माळ्यावर, जिथे जागा मिळेल तिथे कोंबलेलं. एकदा कोर्टाने जागेचा जुना करारनामा मागितला. तो कंपनीत आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, कुठे आहे हे कोणालाच नाही. दावा हातचा गेला. शेठजींचा पुतण्या मुंबईहून कॉमर्स शिकून आला होता. त्याने मंडळाला समजावलं की दप्तर सांभाळण्यासाठी दरवर्षीच्या बजेटमध्ये वेगळी तरतूद हवी. लोखंडी रॅक, बस्ते बांधायला तांबडा खारवा म्हणजे जाडंभरडं कापड, वाळवीची पावडर, रबरी शिक्के आणि हे सगळं पाहायला एक माणूस. कोणता कागद किती वर्षं ठेवायचा आणि कोणता मोडीत काढायचा, याचेही नियम त्याने करून दिले. मंडळाने मान डोलावली, पण व्यापारी माणसं ती. मंजुरी दिली फक्त एका वर्षाची. उपयोग दिसला तर तरतूद पुढे चालू, नाही तर बंद. आणि तरतूद बंद म्हणजे त्या पगारावर ठेवलेला माणूसही बंद.

तो माणूस म्हणजे पंचविशीच्या आतबाहेरचा एक तरुण. त्याला आपण रेकॉर्डवाला म्हणू. कंपनीत सगळे तेच म्हणायचे.

दुसरा माणूस बडेबाबू. कंपनीचे हेडक्लार्क. अर्धं आयुष्य त्या खुर्चीत गेलेलं, चारित्र्य धुतल्या धोतरासारखं. बजेट दरवर्षी त्यांच्याच हाताने लिहिलं जायचं. त्यात ते स्वतःच्या खोलीसाठी छताचा एक पंखा दरवर्षी लिहायचे, आणि मंडळ तो दरवर्षी खोडायचं. त्या वर्षी त्यांनी पंखा लिहिला, तो खोडला गेला, आणि त्याच कागदावर, त्याच दौतीतल्या शाईने, कालच्या पोराच्या खोलीसाठी रॅक आणि कापड त्यांना लिहावं लागलं. हे मला अर्थातच नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी हुशार फौजदार म्हणून प्रसिद्ध झालो असतो.

पोळा झाल्यावर दोन-चार दिवसांनी बडेबाबू ठाण्यात आले. शेठजींचं पत्र बरोबर होतं. फिर्याद अशी: रेकॉर्ड-रूममधला कोरा खारवा, वर्षभराचा म्हणून घेतलेला, कुलूपबंद कपाटातून नाहीसा झालेला आहे. कुलूप शाबूत. किल्ल्या रेकॉर्डवाल्याकडे.

"आपला संशय कोणावर?" मी विचारलं.

"संशय घेणं माझ्या स्वभावात नाही साहेब," ते म्हणाले. "मी फक्त वस्तुस्थिती निवेदन करतो. किल्ल्या त्याच्याकडे असतात." बडेबाबूंचं बोलणं असं टाईप केलेल्या अर्जासारखं असायचं.

मी आणि आमचे जमादार पंचनाम्याला कंपनीत गेलो. रेकॉर्ड-रूम पाहिली आणि मी दारातच थबकलो. हिरव्या रंगाचे लोखंडी रॅक, त्यांवर तांबडे बस्ते ओळीने, प्रत्येकाला चिठ्ठी, कोपऱ्यात कडुनिंबाचा पाला. आमच्या ठाण्याची मुद्देमालाची खोली पावसाळ्यात गळायची. कपाटासाठी मी वर इतके अर्ज केले होते की आता त्या अर्जांनाच एक कपाट लागलं असतं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला चोराचा राग आला नाही, रॅकवाल्याचा आला.

"साहेब," जमादार हळूच म्हणाले, "आपलं रेकॉर्ड इथंच आनून ठेवा ना. चोरी झाली तरी एवढं खराब तं होनार नाई."

त्या खोलीतली आणखी एक गंमत म्हणजे शिक्का. 'रेकॉर्ड विभाग' असा गोल रबरी शिक्का त्या तरुणाला मिळाला होता आणि त्याला त्याचं फार अप्रूप. बस्त्यांवर शिक्का, कपाटावर शिक्का, स्टुलाच्या पायावर शिक्का, माठाच्या झाकणावर शिक्का. नवीन कापड आलं त्या दिवशी त्याने प्रत्येक ताग्याच्या टोकाला शिक्का मारला होता, हे त्याने स्वतःच अभिमानाने सांगितलं.

"बायकोच्या कपायाले नाई मारला ना बाबू?" जमादारांनी विचारलं. तो बिचारा हसलासुद्धा नाही.

चौकशीला त्याला ठाण्यात बोलावलं. अशी चौकशी मी दुसऱ्यांदा पाहिली नाही.

"कुलपाच्या किल्ल्या कुठे असतात?"

"माह्यापाशी."

"दोन्ही?"

"दोन्ही, साहेब."

"कधी कोणाला दिल्या?"

"नाई जी. झोपतानीबी उशाखाली असतात."

जमादारांना राहवेना. "अबे, तू सोताच्या गयाले सोताच फास लावून राह्यला का? जराकसा आठव ना. एखांद्या दिशी टेबलावर राह्यली असन, कोनी मांगून नेली असन!"

"पन नाई राह्यली ना जमादारसाहेब. खोटं कसं सांगू?"

खोटं बोलणाऱ्याला पकडायचे दहा मार्ग पोलिसाला ठाऊक असतात. खरं बोलून स्वतःला अडकवणाऱ्याचं काय करायचं, ते कोणत्याच मॅन्युअलात लिहिलेलं नाही. घराची झडती घेतली. एक पेटी, दोन पातेली, लग्नातला फोटो. कापडाचा धागाही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा बोलावून ठाण्यात बसवलं होतं, तर त्याची बायको डबा घेऊन आली. दिवस गेलेले दिसत होते. डबा टेबलावर ठेवून ती माझ्याकडे सरळ पाहत म्हणाली, "साहेब, यायले धरा नाई तं सोडा, पन काय ते एकदाचं सांगा. माहे बाबा गाडी जुपून आले हायत. कंपनीची नोकरी पाहून पोरगी देल्ली होती, म्हनतात. कंपनीची मिटिंग होयपर्यंत थांबतो, मंग तुले घिऊन जातो."

"मिटिंग कधी आहे?"

"येत्या सोमवारी. बजेट हाय म्हने. तवरक याइचं नाव साफ नाई झालं तं नोकरी गेली."

आता मला कळलं की माझ्या हातात नुसती कापडाची चोरी नाही. सोमवारी मंडळ बसणार. रेकॉर्डवाला चोर असं फौजदाराने म्हटलं की तरतूद जाणार, नोकरी जाणार, आणि दारात उभी असलेली सासऱ्याची गाडी भरून जाणार. ती बाई गेल्यावर डब्यातल्या भाकरीचा वास बराच वेळ खोलीत राहिला आणि मला माझा चहा गोड लागेना.

चहा गोड न लागण्याचं आणखी एक कारण होतं, तेही सांगतो. शेजारच्या ठाण्याला माझ्याच बॅचचा एक फौजदार होता. त्याने गुरं चोरणारी टोळी धरली म्हणून डीएसपी साहेबांनी परेडवर त्याचा सत्कार केला होता आणि वर्तमानपत्रात फोटो आला होता. आमच्या मंडळींनी तो मला नाश्त्याच्या वेळी दाखवला. "किती छान आलाय बाई फोटो!" मी म्हटलं, छपाई धूसर आहे. ती म्हणाली, "छपाई नाही हो, तुमचा चष्मा." त्यानंतर दाढी करताना आरशात पाहिलं, तर साबणाच्या फेसातून एक असा चेहरा माझ्याकडे पाहत होता की त्याला मी संशयित म्हणून सहज आत टाकला असता.

तर अशा अवस्थेत असताना खबर आली.

खबर घेऊन आलेला माणूस जवळच्या रिठद गावचा. पांढरं शुभ्र धोतर, डोक्याला पटका, पायात चामडी चप्पल. चांगला बागायतदार. आधी पाणी प्याला, मग दार लोटायला सांगितलं.

"मले काही घेनं-देनं नाई साहेब. पन म्हटलं, सरकारच्या कानावर असावं."

"बोला."

"आमची जोडी खिल्लारी. झूल नागपूरहून आनलेली, आरशे लावलेली. दर पोयाले तोरनाखाली उभी राह्यली का सारं गाव तिलेच पाह्यते. यंदा कोनं ढुंकून पाह्यलं नाई!"

"का बरं?"

"काहून म्हंजे? ज्याइच्या बैलाले आजवर कधी फडकं भेटलं नाई, त्याइच्या बैलाच्या पाठीवर लाल झुली! एकसारख्या. पलटनीसारख्या. लोक म्हनून राह्यले, वा रे वा, काय शोभा हाय!"

"मग तुमच्या बैलांना त्रास काय झाला?"

त्याने डोक्यावरचा पटका सारखा केला. "बैलाले नाई झाला जी. मले झाला."

इतका प्रामाणिक खबऱ्या मला पुन्हा मिळाला नाही. त्याने पुढे सांगितलं की त्याच्याने राहवलं नाही, म्हणून शिंगाला हात लावायच्या निमित्ताने त्याने एका बैलाची झूल उचलून पाहिली. आतल्या बाजूला गोल शिक्का. त्याला वाचता येत होतं. रेकॉर्ड विभाग.

"तुमच्या ठाण्यात का नाही सांगितलं?"

"आमच्या ठान्यात सांगतलं असतं तं मी घरी पोचायच्या आंधी गावाले मालूम पडलं असतं."

रिठद म्हणजे माझ्या त्या फोटोवाल्या मित्राची हद्द. त्याच्या हद्दीतला माल माझ्या हाती लागतोय, या विचाराने मला आनंदाची इतकी उकळी फुटली की खबऱ्याला मी दुसरा चहा पाजला.

रीतसर त्याच ठाण्याला कळवून जमादारांना रिठदला धाडलं. ते संध्याकाळी झुलींचं गाठोडं घेऊन परतले. हकिकत अशी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर लोकांना कोऱ्या कापडाचं बोचकं दिसलं. ठेवणारा कोणी दिसला नाही. आमच्या भागात देवाच्या पारावर असं कोणी काही ठेवलं की ते गुप्तदान समजतात आणि कोणी विचारपूस करीत नाही. गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ते वाटून दिलं. ज्यांच्या बैलांना झूल नाही, त्यांनाच. बायकांनी दिवसभरात झुली शिवल्या. शिक्क्यावरून शाळामास्तरांनी सांगितलं की हे कंपनीच्या रेकॉर्डवाल्याचं दान.

माझ्या दृष्टीने गुन्हा उघड झाला. किल्ली त्याची, शिक्का त्याचा, गावात नाव त्याचं. नाव व्हावं म्हणून पोराने मालकाचं कापड वाटलं. मी त्याला अटक केली. बायकोने हे ऐकलं तेव्हा ती ठाण्याच्या ओट्यावर बसून राहिली, रडली नाही. घरी जा म्हटलं तरी उठेना. कारण घरी गाडी जुंपलेली होती.

पण मला काहीतरी बोचत होतं. नाव व्हावं म्हणून दान करणारा माणूस ते चुपचाप पारावर ठेवून जाईल का? स्वतःच्या हाताने, चार लोकांसमोर देईल. आणि पैशासाठी चोरी करणारा फुकट वाटेल का? या चोरीत कोणाचाच फायदा झाला नव्हता, रिठदच्या बैलांचा सोडून. आणि त्यांना आरोपी करण्याची कायद्यात सोय नव्हती.

शनिवारी सकाळी जबाब घ्यायचे होते. फिर्यादी म्हणून बडेबाबूंना कापड ओळखायला बोलावलं होतं. ते माझ्या समोरच्या खुर्चीत बसले, झुली उलटून पाहिल्या, "सदरहू कापड कंपनीचेच आहे," असं म्हणाले आणि त्यांच्यासाठी आलेला चहा बशीत ओतू लागले. एवढ्यात रिठदचे ते म्हातारे शेतकरी आणि बरोबर आणखी दोघं आत आले. मी साक्षीदार बोलावले होते. ते मात्र नारळ, टॉवेल आणि टोपी घेऊन आले होते.

"कुठं हाय तो पुन्यवान?" म्हाताऱ्याने दारातूनच विचारलं.

"कोण?"

"ज्यानं कापड देल्लं तो. तुमी त्याले आत बसवला म्हनतात. साहेब, तुमचा कायदा तुमापाशी. पन आमच्या बैलाच्या आंगावर जल्मात पहिल्यांदा कपडा आला. माही म्हतारी त्या बैलाले पाहून रडली. आमी त्या बाबूले टोपी घालाले आलो हाओत."

मी सहज बडेबाबूंकडे पाहिलं. बशी ओठांपर्यंत आलेली, आणि तिथेच थांबलेली. ते म्हाताऱ्याकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांची नजर त्या नारळावर होती. खालचा ओठ किंचित आत ओढलेला, गालाची एक शीर उडत होती.

हा चेहरा मी ओळखला. साबणाच्या फेसात पाहिला होता.

मी आजवर चौकशीत दमदाटी पाहिली होती, गोड बोलणं पाहिलं होतं, उपाशी ठेवणं ऐकलं होतं. सत्कार करून चौकशी करता येते, हे मला त्या क्षणी सुचलं. जबाब लिहायला बसलेल्या जमादारांना मी हाताने थांबवलं.

"रेकॉर्डवाल्याला बाहेर आणा. आणि खुर्ची द्या."

"खुर्ची, साहेब?"

"हो. आपली हाताची."

तो बिचारा लॉकअपमधून आला, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्याला खुर्चीत बसवलं. म्हाताऱ्याने पुढे होऊन त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला.

"आजोबा," तो कळवळून म्हणाला, "म्या नाई देल्लं."

"पाहा!" म्हातारा आमच्याकडे वळला. "देनारे असेच म्हनतात! आजकाल वाटीभर साखर देतात अन् गावभर सांगतात. अन् हा पाहा!"

"गावात काय म्हणतात आणखी?" मी विचारलं. जमादार माझ्याकडे असे पाहू लागले जणू मला ऊन लागलं आहे.

"काय म्हनतात? पुढच्या सालापासून मानाच्या जोडीची पूजा या बाबूच्या हातानं कराची, हे ठरलं. पंचाइनं ठरवलं."

बशीतला चहा बडेबाबूंच्या धोतरावर सांडला. त्यांना कळलं नाही.

"कंपनीत इतकी माणसं आहेत," मी म्हटलं. "आजवर दुसऱ्या कोणी काही दिलं नाही का?"

"हट! बाकीचे काय देतात? तिथं कोनी बडेबाबू हाय म्हनतात. माह्या पोराले ढेपीची पावती मांगाले धाडलं, तं त्यानं पोराले दारातूनच हाकललं. जल्मात कोनाले घोटभर पानी तरी पाजलं असन का त्यानं? अन् हे लेकरू पाहा, कालचं. देवमानूस!"

बशी टेबलावर आदळली.

"त्यानं काय देल्लं?" बडेबाबू उभे राहिले होते. तो टाईप केलेला आवाज कुठल्या कुठे गेला होता. "त्याच्या बापानं घेतलं होतं का कापड? म्या देल्लं! म्या! या खांद्यावर वयकटी घिऊन मी रिठदले उतरलो. माह्या हातानं पारावर ठेवलं. मारुतीच्या पाया पडलो. अन् पूजा याच्या हातानं?"

ठाण्यात अशी शांतता मी दोनदाच अनुभवली. एकदा डीएसपी साहेब अचानक तपासणीला आले तेव्हा, आणि एकदा ही.

"लिहू का साहेब?" जमादारांनी विचारलं.

"लिहा."

बडेबाबू खाली बसले. मग हळूहळू सगळं आलं. रेकॉर्ड-रूममधल्या कपाटाचं कुलूप आणायला तेच गेले होते. त्याच्याबरोबर तीन किल्ल्या मिळाल्या, त्यांनी दोनच दिल्या. तिसरी का ठेवली, ते त्यांनाही तेव्हा माहीत नव्हतं. पोळ्यासाठी केनवडला बहिणीकडे जातो म्हणून रजा घेतली, जेवणाच्या सुट्टीत कपाट उघडून कापड वळकटीत बांधलं, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने निघून वाटेत रिठदला उतरले. कापड नाहीसं झालं म्हणजे मंडळाला उधळपट्टी दिसेल, तरतूद बंद होईल, एवढाच हिशेब.

"पण मग फेकून द्यायचं, जाळायचं," मी म्हटलं. "गावाला का दिलं?"

"नवं कोरं कापड साहेब. जाळवलं नाही. विकलं असतं तर चोर झालो असतो."

"आणि आता काय झालात?"

त्यांनी धोतरावरच्या चहाच्या डागावर हात ठेवला.

पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पण आरोपीने स्वतः काढून दिलेली वस्तू चालते, म्हणून दोन पंच बोलावून पुरावा कायद्याच्या कलम सत्तावीसखाली पंचनामा केला. बडेबाबूंनी सदऱ्याच्या आत हात घालून करदोड्याला बांधलेली किल्ली सोडून पंचांसमोर ठेवली. जमादारांनी कंपनीत जाऊन तीच लावून पाहिली. कुलूप उघडलं.

आता खरं तर गोष्ट इथे संपायला हवी. पण ते रिठदचे म्हातारे इतका वेळ भिंतीशी उभे होते. ते पुढे आले.

"म्हंजे साहेब, कापड या बाबूनं देल्लं?"

"चोरून दिलं, आजोबा."

"चोरलं ते कंपनीचं. देल्लं आमाले." ते रेकॉर्डवाल्यापाशी गेले, त्याच्या डोक्यावरची टोपी काढली, खांद्यावरचा टॉवेल उचलला, हातातला नारळ घेतला, आणि सगळं नेऊन बडेबाबूंना दिलं. टोपी स्वतःच्या हाताने त्यांच्या डोक्यावर नीट बसवली. "तुमचा कायदा तुमी पाहा. आमी नारळ देनाऱ्याले आनला होता."

बडेबाबूंनी दोन्ही हातांनी नारळ धरला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी दिलेला असावा. टोपीखाली त्यांचे डोळे भरून आले आणि ते आरोपी असल्याचं क्षणभर आम्ही सगळेच विसरलो.

मी रेकॉर्डवाल्याकडे वळलो. "जा बाबा, तू सुटलास. जातमुचलका लिहून दे आणि घरी जा. सोमवारी मी स्वतः शेठजींना रिपोर्ट देतो."

मला वाटलं तो पाया पडेल, रडेल, निदान हसेल. बाहेर ओट्यावर त्याची बायको उभी होती. तिने ऐकलं होतं आणि पदर तोंडाला लावला होता. पण हा जागचा हलेना. तो त्या नारळाकडे पाहत होता. खालचा ओठ किंचित आत ओढलेला.

"साहेब," तो म्हणाला, "शिक्का तं माहाच होता ना?"

जमादारांनी त्याला दंडाला धरून बायकोकडे नेऊन सोडलं.

सोमवारी मंडळ बसलं. रेकॉर्डची तरतूद चालू राहिली, नोकरी पक्की झाली, आणि सासऱ्याची गाडी रिकामी परत गेली. शेठजींनी कोर्टाच्या परवानगीने बडेबाबूंशी तडजोड केली. मुद्देमालाच्या झुली रिठदच्या बैलांना परत मिळाल्या, कारण शेठजी म्हणाले, देवाच्या पारावरचं परत घेणं आमच्या घरात चालत नाही. बडेबाबूंनी राजीनामा दिला आणि ते केनवडला बहिणीकडे जाऊन राहिले.

नोकरीत पुढे मी एक सवय लावून घेतली. पैशासाठी केलेला गुन्हा शोधणं सोपं असतं. पैसा कुठेतरी दिसतो, दागिना कोणाच्या तरी अंगावर चढतो. पण मत्सरातून गुन्हा करणाऱ्याला ती वस्तू नको असते. ती दुसऱ्याजवळ नसावी, एवढंच हवं असतं. त्यामुळे त्याच्या घरी झडतीत काही सापडत नाही. अशा वेळी मी झडती थांबवायचो, चहा मागवायचो, आणि सगळ्यांना एकत्र बसवून त्यांच्यातल्या एकाचं भरपूर कौतुक करायचो. मग शांतपणे बाकीच्यांच्या हातातल्या बशांकडे पाहत राहायचो.

बहुतेक वेळा एक तरी थांबायची. कधी कधी माझीच.